मारका मेंढा व त्याचा बंदोबस्त

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, वसतिगृहे, विवाहप्रसंगीचा खर्च, तरुणांचे उद्योगधंदे अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होत असतात, व ती होणे इष्टच आहे. यंदा चिटणिसांनी मला मेंढीपालनावर दोन शब्द सांगण्याची आज्ञा केली आणि त्यातील नेमका भाग निवडण्याचे काम मजवरच सोपविले. मी निवड केली ती मारक्या मेंढ्याची. हा विषय ऐकून समोर बसलेल्या काही तरुण मंडळींच्या मुखावर हसू उमटले आहे. परंतु ज्या घरातील म्हाताऱ्या आईचे खुब्याचे हाड मेंढ्याच्या एका धडकेने मोडले आणि जी माउली त्या दिवसापासून अंथरुणाला खिळली, त्या घरात हा विषय कोणी हसण्यावारी नेत नाही. अशी घरे आपल्या समाजात आहेत. आणि मेंढ्या राखण्याची आपली रीत ज्या वेगाने पालटत आहे तो पाहता ती वाढण्याचा संभव आहे.

आपण म्हणाल, मेंढरांत जन्म गेलेल्या धनगराला मेंढा कसा राखावा हे सांगणे म्हणजे माशाच्या पिलाला पोहावयास शिकविणे होय. हा आक्षेप वाड्यावरच्या धनगराच्या बाबतीत खरा आहे. दिवाळीनंतर माण-खटाव-फलटणकडील वाडे कोकणाकडे किंवा मावळाकडे निघतात, त्यांच्यातील मेंढा दिवसभर चालतो. चाऱ्याच्या मागे कोसन् कोस पायपीट करणाऱ्या जनावरापाशी रिकामटेकडेपणाची मस्ती फारशी उरत नाही. कळपात त्याच्या बरोबरीचे व त्याहून वडील असे आणखी मेंढे असतात. तरण्या मेंढ्याने आगळीक केली तर त्याची खोड ते वडील मेंढेच मोडतात. रात्री सारा कळप वाघरीत बसतो. मालक त्याच्या पाठीमागून चालतो, त्याला हाकतो. त्याच्या कपाळाशी खेळत बसण्यास मालकाला सवड नसते. माणूस म्हणजे अंतर राखून वागावयाची वस्तू, ही समज त्या मेंढ्याला कोकरूपणीच येते.

आता दुसरे चित्र पाहा. चराऊ राने कमी झाली, मुले शाळेत गेली, आणि आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी वस्तीवर घर बांधून तेथेच वीस-पंचवीस मेंढ्या बांधून राखण्यास प्रारंभ केला. पत्र्याची शेड, भोवती तारेची जाळी, गव्हाणीत कडबा व मका, आणि या सर्वांच्या मध्यभागी एकुलता एक मेंढा. त्याला चालणे नाही, वडीलधारा मेंढा नाही; खुराक मात्र भरपूर आहे. शेडमध्ये ये-जा कोणाची? घरच्या बायकांची, म्हाताऱ्यांची आणि शाळेतून आलेल्या मुलांची. कारण कर्ता पुरुष बहुधा नोकरीवर वा शेतात असतो. ज्या जनावराला वाड्यावर तीन गडी सांभाळीत, ते आज एका आजीच्या व दोन नातवंडांच्या स्वाधीन झाले आहे. म्हणून या विषयाचा नव्याने विचार करणे अगत्याचे आहे.

मेंढा ढुशी का मारतो, हे प्रथम समजून घेऊ. मेंढ्यांच्या जातीत नरानरांमधील मानपान डोक्याला डोके भिडवून ठरतो. दोघे समोरासमोर उभे राहतात, काही पावले मागे सरतात आणि मान खाली घालून धावत येऊन आदळतात. यात वैर असतेच असे नाही. थोरला कोण, एवढाच प्रश्न असतो. त्यासाठी निसर्गाने त्याला कपाळाचे जाड हाड आणि भरीव मान दिली आहे. आपल्या गुडघ्याची वाटी, आपल्या फासळ्या आणि म्हातारपणी ठिसूळ झालेले खुब्याचे हाड या कामासाठी घडविलेले नाही. दख्खनी मेंढा ४० किलोच्या आसपास भरतो. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या नावाशी जोडलेला, बाकदार नाकाचा माडग्याळी मेंढा त्याहून पुष्कळच वजनदार. माडग्याळी जातीला बहुधा शिंगे नसतात, म्हणून तो निरुपद्रवी असा समज काही लोकांत आहे. तो चुकीचा आहे. धडक शिंगांची नसते. ती वजनाची व वेगाची असते. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूझीलंड देशात ऑकलंड शहरानजीक एक वृद्ध दांपत्य आपल्याच कुरणात मेंढ्याच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले. मेंढपाळीत मुरलेल्या देशातील ही घटना आहे. तेव्हा मेंढा म्हणजे वाघ नव्हे अशा समजुतीत आपण निर्धास्त राहू नये.

माजाच्या हंगामात मेंढ्याचा स्वभाव तापट होतो. आपल्याकडे बहुतेक कळपांत उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाच्या पहिल्या सरींपर्यंत मेंढ्या मोठ्या संख्येने माजावर येतात. त्या दिवसांत मेंढा खाणे कमी करतो आणि मेंढीच्या जवळ येणाऱ्या कोणालाही प्रतिस्पर्धी समजतो. एरवी शांत असलेला मेंढाही तेव्हा भरवशाचा नसतो. परंतु हंगाम सरल्यावरही जो बारमास माणसावर धावतो, त्याची गोष्ट निराळी. तो मारका मेंढा होय. आणि तो बहुधा आपल्याच हाताने घडलेला असतो.

तो कसा घडतो, ते सांगतो. मेंढी वितेवेळी मेली किंवा तिला दूध कमी आले, म्हणजे कोकरू बाटलीवर वाढते. मुले त्याला उचलून घेतात, घरात निजवतात, नाव ठेवतात. ते कोकरू मादी असेल तर पुढे माणसाळलेली गुणी मेंढी होते. नर असेल तर मात्र त्याच्या मनातून माणसाचे भय पार निघून जाते आणि माणूस हा आपल्याच कळपातील एक, असे ते समजू लागते. दोन-तीन महिन्यांचे झाले की ते मुलाच्या पोटरीला डोके लावते. मुलाला मौज वाटते. तो तळहाताने त्याचे कपाळ मागे रेटतो, ते पुन्हा पुढे येते. घरची माणसे कौतुकाने पाहतात. बंधूंनो, तो खेळ नव्हे. ती तालीम आहे, आणि तिच्यातून आपण त्या कोकराला एवढेच शिकवितो की माणसाशी टक्कर घेता येते. सहा-आठ महिन्यांनी ते नर वयात येते आणि दीड वर्षाने त्याचे वजन भरते. मग जी ढुशी कौतुकाची होती तिनेच हाड मोडते. तेव्हा आपण म्हणतो, ‘मेंढा एकाएकी बिघडला.’ तो एकाएकी बिघडत नाही.

यावरून पहिला नियम असा निघतो की, नर कोकराच्या कपाळाला हात लावू नये. लाड करावयाचेच तर हनुवटीखाली खाजवावे. पोरके नर कोकरू बाटलीवर पाजावे लागले तरी ते इतर कोकरांबरोबर ठेवून जाळीच्या बाहेरून पाजावे, घरात आणू नये. आणि त्याला पैदाशीसाठी राखण्याचा मोह टाळावा. असे नर तीन-चार महिन्यांच्या सुमारास पशुवैद्याकडून खच्ची करून घ्यावे. माझ्या मते या एका गोष्टीने निम्म्याहून अधिक अपघात टळतील.

दुसरा नियम मेंढ्याच्या खुणा वाचण्याचा. धावून येण्यापूर्वी मेंढा सहसा वर्दी देतो. तो चरणे थांबवून एकटक पाहतो. मान ताठ करतो किंवा हनुवटी छातीशी ओढून घेतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो. फाटकाच्या खांबावर कपाळ घासतो वा धडका मारतो. वाट अडवून उभा राहतो आणि बाजूला होत नाही. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे तो दोन-चार पावले मागे सरतो. नवख्या माणसाला वाटते, भ्याला. जुन्या माणसाला ठाऊक असते की मेंढा मागे सरतो तो पुढे येण्यासाठीच. ही खूण घरातील लहानथोरांस, विशेषतः सुनांस व नातवंडांस, शिकविली पाहिजे. कारण माहेरी मेंढ्या नसलेली सून आपल्या घरात येऊन पहिल्याच आठवड्यात चाऱ्याची पाटी घेऊन त्या शेडमध्ये शिरत असते.

तिसरा नियम शेडमधील वागणुकीचा. मेंढ्याकडे पाठ करू नये. त्याच्या समोर वाकून गव्हाण झाडू नये, उकिडवे बसून मेंढीचे खूर पाहू नयेत. आधी मेंढ्याला वेगळ्या कप्प्यात कोंडावे, मग काम करावे. त्याला हाताने घास भरवू नये. हातातून खाण्याची सवय लागलेला मेंढा रिकाम्या हातालाही धडक देतो. गव्हाण बाहेरून भरता येईल अशीच बांधावी. पाण्याचे कुंडही जाळीलगत असावे. हा खर्च फार नाही, आणि त्यामुळे रोज दोन वेळा मेंढ्यासमोर जाण्याचा प्रसंगच टळतो. फाटकाची कडी आतून व बाहेरून दोन्हीकडून एका हाताने उघडणारी असावी. मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधावी. आपल्या वाडवडिलांनी ती शोभेसाठी बांधली नव्हती. मेंढा पाठीमागून येतो आहे हे वळून न पाहताही कळावे, हा तिचा एक मोठा उपयोग आहे.

आता प्रत्यक्ष मेंढा अंगावर आला तर काय करावे? पळू नये. माणसाची धाव मेंढ्याच्या धावेपुढे टिकत नाही, आणि पळणारा माणूस पडला म्हणजे दुसरी धडक डोक्यावर वा छातीवर बसते. त्याच्याकडे तोंड ठेवून, कुंपणाच्या कडेकडेने, तिरप्या पावलांनी फाटकाकडे सरकावे. हातात पाटी, बादली वा फळी असेल तर ती आपल्या व त्याच्या मध्ये धरावी. धाव घेताना त्याची मान खाली असते आणि त्या वेगात त्याला चटकन वळता येत नाही. म्हणून धडका माणसाने शेवटच्या क्षणी एका अंगाला व्हावे. हे म्हाताऱ्यांस व मुलांस साधणार नाही. त्यांनी एकट्याने आत जाऊच नये, हाच त्यांच्यापुरता उपाय. मेंढा जवळ येऊन भिडलाच तर त्याला ढकलून दूर करू नये, कारण दूर गेला की त्याला धावण्यास जागा मिळते. त्याच्या जबड्याखाली हात घालून तोंड वर उचलावे आणि त्याला अंगाशी किंवा भिंतीशी दाबून धरावे. तोंड वर असता त्याला टक्कर देता येत नाही. तशाच स्थितीत मदतीला हाक मारावी. खाली पडल्यास डोके हातांनी झाकून कुंपणाकडे लोळत जावे आणि तारेच्या वा खांबाच्या आधाराने उठावे.

येथे एका सार्वत्रिक प्रघाताविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. मेंढा अंगावर आला की आपण काठी उचलतो आणि ती त्याच्या कपाळावर घालतो. कपाळ हे त्याच्या देहातील सर्वांत मजबूत ठिकाण. तेथे बसलेला घाव त्याला शिक्षा वाटत नाही, तो त्याच्या आव्हानाला मिळालेला होकार वाटतो. मग तो दुप्पट त्वेषाने येतो. एका घरी मी पाहिले की, कर्त्या पुरुषाने मेंढ्याला बेदम झोडपून ‘सरळ’ केले होते. मेंढा त्या पुरुषापुढे खरोखरच मान वर करीत नसे. परंतु त्याच मेंढ्याने त्या पुरुषाच्या पत्नीला दोनदा पाडले. मेंढरू विसराळू नसते. २००१ साली इंग्लंडातील केंब्रिजनजीक बाब्राहम येथील संशोधकांनी असे सिद्ध केले की, मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकतात. माणसांचे चेहरेही त्या ओळखतात. तेव्हा कोण बलवान व कोण दुबळा याचा हिशेब मेंढ्याच्या डोक्यात पक्का असतो असे मी मानतो. आपण त्याला मारतो, आणि त्याची भरपाई घरातील दुर्बळ माणसाकडून होते. मारण्यापेक्षा, तो टक लावून पाहू लागताच तोंडावर पाण्याचा सपकारा मारणे पुष्कळदा गुणकारी ठरते. पण तो धाव घेण्यापूर्वी मारला तरच.

मेंढा पकडावयाचा असेल तेव्हा दोघांनी मिळून पकडावा. मोकळ्या पटांगणात त्याच्यामागे धावू नये. लाकडी फाटक किंवा जाळीची चौकट पुढे धरून त्याला कोपऱ्यात आणावे, जागा कमी करीत न्यावी. जागा कमी झाली की धडक संपते. एकाने हनुवटी उचलून धरावी, दुसऱ्याने मागून आवरावे. औषध पाजणे, खूर कापणे, लोकर कातरणे ही कामे त्याला ढुंगणावर बसवून केली असता तो बव्हंशी निपचित राहतो, हे आपणांपैकी जाणत्यांना सांगणे नलगे.

काही मेंढे अवगुणी असूनही एखाद्या हंगामापुरते राखावे लागतात. त्यांच्या डोळ्यांपुढे चामड्याची किंवा जाड कापडाची झापड अशी बांधतात की त्याला खालचे व बाजूचे दिसावे, पण समोरचे नेमके दिसू नये. समोरचे दिसले नाही म्हणजे तो धाव घेण्यास कचरतो. परदेशांत ही युक्ती रूढ आहे आणि आपल्याकडील चांभार ती सहज शिवून देईल. मात्र झापड रोज काढून डोळे व कातडी पाहावी, आणि पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक आहे याची खात्री करावी. शिवाय, अशा मेंढ्याला अगदी एकटे कोंडून ठेवू नये. मेंढरू हा कळपाचा जीव आहे. एकटेपणाने तो अधिकच बिथरतो. एखादा खच्ची केलेला नर सोबतीला द्यावा.

पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. तो बारा महिने मेंढ्यांत मोकळा ठेवण्याचे कारण नाही. मेंढी दर सतरा दिवसांच्या आसपास माजावर येते. तेव्हा पन्नास दिवस मेंढा कळपात सोडला तर जवळजवळ प्रत्येक मेंढीला तीन वेळा संधी मिळते. त्यानंतर तो वेगळा ठेवावा. याने कोकरे पाच महिन्यांनी एकाच सुमारास येतात, त्यांची निगा सोपी होते, आणि वर्षातील दहा महिने घरच्या माणसांना मेंढ्याच्या वाटेस जावे लागत नाही. दर दोन वर्षांनी मेंढा पालटावा, म्हणजे बापलेकींचा संकर होत नाही. तीन-चार शेजारी कुटुंबांनी एकविचाराने मेंढ्यांची अदलाबदल केली तर खर्चही वाचेल.

नवा मेंढा आणल्यावर जुन्याशी त्याची झुंज ठरलेलीच. दोघांना मोकळ्यावर एकत्र सोडले तर मान मोडून एखादा जागीच मरतो. म्हणून सकाळच्या गारव्यात दोघांना सावलीच्या, पाण्याची सोय असलेल्या इतक्या अरुंद जागेत ठेवावे की मागे सरण्यास वाव राहू नये. दिवस-दोन दिवस अंगाला अंग घासत राहिले म्हणजे बहुधा समेट होतो. त्यांच्यामध्ये माणसाने पडू नये. दोन मेंढ्यांच्या झुंजीत शिरलेल्या कोल्ह्याची पंचतंत्रातील गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती मोठ्यांनीही स्मरणात ठेवावी.

कधी कधी मेंढ्याचे मारकेपण हे स्वभावाचे नसून दुखण्याचे असते. शिंग वाढून गालात रुतले, शिंगाच्या मुळाशी जखम होऊन किडे पडले, नाकात अळ्या झाल्या, तर वेदनेने तो डोके आपटतो. जो मेंढा भिंतीला डोके लावून उभा राहतो किंवा एकाच बाजूला गरगर फिरतो, त्याच्या मेंदूत गाठ झालेली असू शकते. परंतु सर्वांत भयंकर कारण निराळेच आहे. आजवर शांत असलेला मेंढा अवचित पिसाळल्यासारखा जो दिसेल त्याच्यावर धावू लागला, तोंडातून लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा गिळता येईनासे झाले, तर त्याला कुत्रा अथवा कोल्हा चावल्याचा संशय धरावा. तोंडात काय अडकले आहे ते पाहण्यास हात घालू नये. त्याला कोंडून पशुवैद्यास बोलवावे. आणि ज्याच्या अंगावरील जखमेला लाळ लागली असेल त्याने जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. या रोगाची लक्षणे माणसात उमटल्यावर इलाज जवळजवळ उरतच नाही. अंगारे-धुपाऱ्यांत एक दिवसही दवडू नये.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो की जो आपल्या अभिमानाला स्पर्श करतो. आपल्या मनात खोलवर अशी भावना आहे की, जो मेंढा मारका तो मर्द, आणि जो मर्द तो पैदाशीस उत्तम. बाजारातही मेंढा डरकावणारा असेल तर दर चढतो. टकरीत जिंकलेल्या मेंढ्याच्या मालकाला गावात मान मिळतो. टकरींविषयी कायदा स्पष्ट आहे: प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणे हा गुन्हा होय, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लिकट्टूविषयक निकालात त्या तरतुदीचे काटेकोर पालन व्हावे असे बजावले. पण कायदा बाजूला ठेवून केवळ धंद्याच्या दृष्टीने पाहा. मेंढ्याची पारख करावयाची ती त्याचे पाय, दात, छाती, वृषणांचा भरीवपणा, त्याच्या आईचे दूध आणि त्याच्या कोकरांची वाढ यांवरून. माणसावर धावून जाणे हा यांपैकी कशाचाही पुरावा नव्हे. उलट स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो. मारक्या मेंढ्याची कोकरे आपण राखत गेलो तर चार पिढ्यांत सारी खिल्लारे त्याच अवगुणाची होतील. आपल्या पूर्वजांनी दख्खनच्या उन्हात-पावसात तग धरणारी, शहाणी, हाकेला येणारी मेंढरे शेकडो वर्षांच्या निवडीने घडविली. ती निवड आपण आंधळेपणाने मोडू नये.

आणि शेवटचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. मेंढा मारका ठरला, सुधारत नाही, एक-दोघांना त्याने पाडले. आता आपण काय करतो? आपण त्याला बाजारात नेतो. दोन दिवस उपाशी ठेवून, शांत दिसेल असा उभा करून, ‘गरीब आहे हो, पोरं खेळतात याच्याशी’ असे सांगून विकतो. घेणारा पुष्कळदा आपल्यातलाच असतो. पोटाला चिमटा घेऊन पैसा साठविलेला, नव्याने चार मेंढ्या घेतलेला. आरंभी मी ज्या माउलीचा उल्लेख केला, तिच्या घरी मेंढा असाच आला होता. विकणाऱ्याला त्याचा गुण ठाऊक होता. त्याच्या स्वतःच्या घरात एक माणूस त्याने आधीच लोळविला होता. आपले संकट त्याने चार पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगणात सोडले. ज्यांच्या दारी ते गेले त्यांना कडबा घातल्यावर तिसऱ्याच दिवशी ते कळले.

बंधुभगिनींनो, मारक्या मेंढ्याला एकच बाजार योग्य आहे, तो म्हणजे खाटकाचा. त्याला तेथे वजनावर विकावा; पैदाशीच्या भावाने विकू नये. त्यात तोटा आहे, हे मी जाणतो. चांगल्या मेंढ्याला मिळणारी मोठी रक्कम हातची जाते. लहानपणापासून वाढविलेल्या जनावराला त्या वाटेस लावताना घरातील मुले रडतात, हेही मी पाहिले आहे. देवाच्या नावाने सोडलेला मेंढा असेल तर हा मार्गही खुंटतो. त्याच्यासाठी भक्कम वेगळा कोंडा बांधावा, आणि त्याची राखण धडधाकट माणसाकडेच द्यावी. परंतु अवगुण लपवून विकणे हा मार्ग कोणासही खुला नाही. आपल्या जातीत पंचांपुढे दिलेल्या शब्दाला एके काळी कागदाहून अधिक किंमत होती. तो शब्द आज बाजाराच्या दिवशी, मेंढ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती देताना, जपला पाहिजे.

खरेदी करणाऱ्यांनीही सावध असावे. मेंढा घेण्यापूर्वी तो मालकाच्या घरी, त्याच्या शेडमध्ये पाहावा. घरातील बायका त्याच्याजवळून कशा वावरतात ते निरखावे. त्या बेधडक पाठ करून काम करीत असतील तर मालक समंजस नाही. त्या भीतभीत भिंतीला धरून जात असतील तर मेंढा समंजस नाही. त्या लक्ष ठेवून पण न भिता वावरत असतील, तर तो सौदा पाहण्यासारखा आहे. पैदाशीचे मेंढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवरूनही मिळू शकतात. त्याची चौकशी आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, ज्या ज्या गावी आपल्या पाच-दहा कुटुंबांनी मेंढ्या राखल्या आहेत तेथे एक दुपार खर्चावी. कोणाच्या दारी मारका मेंढा आहे हे सर्वांनी एकमेकांस उघडपणे सांगावे. त्यात कमीपणा मानू नये. कोणाची गव्हाण आतून भरावी लागते, कोणाच्या फाटकाची कडी मोडली आहे, हे पाहून चार हातांनी ती कामे त्याच दुपारी उरकावीत. वर्गणी नको, ठराव नको. एक कुदळ, एक पान्हा आणि थोडी तार एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. मेंढीच्या पाठीवर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या, आणि पुढेही काही घरे तिच्यावरच जगणार आहेत. त्या घरांतील आजी आणि नातवंडे संध्याकाळी चाऱ्याची पाटी घेऊन शेडमध्ये जातील ती धडधाकट परत यावीत, एवढीच अपेक्षा मनात धरून मी हे चार शब्द बोललो.